गळतीचा खटका

१

चष्मेवाल्याचे घर आगगाडीच्या डब्यासारखे लांबट होते. पुढची खोली रस्त्याला लागून. तिच्यात त्याचे दुकान. मागची खोली परसाकडे. तिच्यात त्याची आई. मध्ये एक अरुंद बोळकांडी. तिच्या एका अंगाला स्वयंपाकघर आणि निजायची खोली, आणि दुकानाकडच्या टोकाला, भिंतीवर, विजेचा बोर्ड.

आईची फुप्फुसे थकली होती. नाकाला नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला हवा गाळून प्राणवायू देणारे यंत्र. ते दिवसरात्र घरघरत असे. "माझ्यापेक्षा ह्यालाच जास्त दम लागतो," असे आई म्हणे. घरातल्यांना त्या घरघरीची इतकी सवय झाली होती, की ती ऐकू येत नसे. थांबली तर मात्र काळजाचा ठोका चुके.

चष्मेवाला देवभीरू माणूस होता. सकाळी देवाला हात जोडल्यावाचून दुकानाची फळी काढत नसे. कोणाला खोटा नंबर दिला, किंवा जुनी काच नवी म्हणून विकली, असे त्याच्या हातून कधी झाले नाही. लोक डोळे मिटून त्याच्याकडे डोळे सोपवीत.

दुपारी बायको कामावर असे. रस्ता सामसूम होई. तो राखी ॲप्रन चढवून काच घासण्याच्या चाकासमोर बसे. चाकावर पाण्याची बारीक धार, धारेखाली काच, काचेवर त्याची बोटे. अशा वेळी मागून हाक येई.

"बाळा."

"आलो," तो म्हणे.

मान वर न करता, चाक न थांबवता, सुरात कसलाही चढउतार न आणता म्हटलेले ते 'आलो' असे. त्या शब्दाला पाय नव्हते. आईलाही ते ठाऊक असावे; ती पुन्हा हाक मारीत नसे. हातातली काच झाली की दुसरी काच पुढे येई, आणि संध्याकाळी बायको आल्यावर तीच आधी मागे जाई. खोटे बोलणे हे पाप आहे, असे तो मनापासून मानी. पण हे 'आलो' त्याने कधी त्या खात्यात धरले नव्हते.

पाऊस संपून हवा कोरडी पडली, त्या सुमारास बोर्डावरचा खटका पडू लागला.

पडे तो दुपारीच. ठक् असा कोरडा आवाज. चाक मंदावे, दिवा विझे, आणि मागची घरघर थांबून यंत्र टीं-टीं करू लागे. चष्मेवाला ओल्या हातांनी धावे; मागे नव्हे, बोर्डाकडे. हात ॲप्रनला पुसून खटका वर करी. यंत्र पुन्हा घरघरू लागले की सुस्कारा टाकून चाकाकडे परते.

खटका पडण्यापूर्वी थोडा वेळ आईची हाक आलेली असते, आणि त्या हाकेला आपण ओ दिलेली असते, हे त्याच्या ध्यानात यायला बरेच दिवस लागले. ध्यानात आले तेव्हा त्याने ते झटकून टाकले. दुपारी हाक येते. दुपारी खटका पडतो. सूर्यही दुपारीच डोक्यावर येतो. म्हणून सूर्याने खटका पाडला, असे शहाणा माणूस म्हणत नाही.

२

सुटीच्या दिवशी, सकाळी, वायरमन आला. गलेलठ्ठ आणि बोलघेवडा. बोर्डाचे झाकण काढताना त्याने बोर्डालाच विचारले, "बोला महाराज, कुठं दुखतंय?" मग चष्मेवाल्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, घरात खटके फार उडतात म्हणे तुमच्या."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "विजेचे आता आता. बाकीचे लग्नापासून."

वायरमन पोट हलवत हसला. मग त्याने सगळ्यांत मोठ्या खटक्यावर बोट टेकवले. "पडतो तो हा. ह्याला गळतीचा खटका म्हणतात. भार जास्त झाला म्हणून हा पडत नाही. ते काम ह्या लहान पोरांचं. हा नुसता जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघत बसतो. जेवढी वीज घरात गेली, तेवढी परत आली पाहिजे. केसभर कमी आली, की हा पडला."

"कमी का येईल?"

"वाटेत कुणीतरी घेतली म्हणून."

"कुणीतरी म्हणजे?"

"ओल धरलेली भिंत. सोललेली वायर. उंदरानं दात लावला असेल. नाहीतर माणूस." त्याने आपला जाड पंजा पुढे केला. "वायरीला हात लागला, की वीज माणसातून जमिनीत जाते. तेवढ्यात हा पडतो आणि माणूस सुटतो. सोडवणं हेच ह्याचं काम. सोडवायला उशीर झाला ना भाऊ, तर मूठ मिटते. मग मागून वीज बंद केली, तरी बोटं उघडत नाहीत. मी पाहिलंय. ते राहू दे."

पहिला संशय चाकावर गेला. पाणी आणि मोटार एकत्र. गळती तिथेच असणार, यावर दोघांचे एकमत झाले. वायरमनने मोटार उघडली, मीटर लावला, तोंड वाकडे केले. मोटार ठणठणीत होती. मग त्याने नेहमीची रीत धरली. आईला प्राणवायूचा राखीव सिलिंडर लावून दिला, सगळे खटके खाली केले, आणि एकेक वर करून कोणता कोणत्या खोलीचा हे पडताळू लागला. बायको खोल्याखोल्यांतून फिरू लागली. चष्मेवाला बोर्डाशी बॅटरी धरून उभा राहिला.

"लागला का?" वायरमन ओरडे.

"लागला!" निजायच्या खोलीतून बायको ओरडे.

"आता?"

"गेला!"

"आता?"

"पंखा लागला! दिवा नाही!"

"दिवा कसा लागेल वहिनी, बटण कोण दाबणार?"

"बटणाचं आधी सांगायचं होतं!"

असे हसतखेळत चालले होते. वायरमनने शेवटचा खटका वर केला. "हा आजींच्या खोलीचा. लागला का?"

"लागला," मागच्या खोलीतून उत्तर आले.

"बरं," वायरमन म्हणाला, आणि खटका खाली करायला त्याने बोट उचलले. ते तसेच राहिले. त्याने हळूच मान वळवून शेजारी बॅटरी धरून उभ्या असलेल्या चष्मेवाल्याकडे पाहिले.

आवाज पुरुषाचा होता. मान वर न करता बोलल्यासारखा, सपाट.

बायको हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. "मी इकडे आहे. तिकडून कोण बोललं?"

"आई बोलली असेल," चष्मेवाला म्हणाला. "घसा बसलाय तिचा."

आईचा घसा बसला नव्हता. पण माणूस अडचणीत सापडला की हाताशी येईल ती काठी धरतो. बोळकांडी अरुंद आहे, आवाज घुमतो. परसापलीकडे कोणी बोलले असेल. अशा आणखी दोन-तीन काठ्या त्याने मनातल्या मनात उभ्या करून ठेवल्या.

वायरमनने त्यानंतर विनोद केला नाही. मागच्या खोलीतली प्रत्येक वायर त्याने तपासली, भिंतींना तळहात लावून पाहिला. आई त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. पलंगाशेजारी एक खुर्ची होती. ती त्याने सरकवली नाही, वळसा घालून गेला.

बाहेर येऊन तो म्हणाला, "वायर निर्दोष आहे. यंत्र निर्दोष आहे. भिंत हाडासारखी कोरडी आहे." मग त्याने विचारले, "दुपारी आजींजवळ कोण बसतं?"

"हे बसतात की," बायको म्हणाली. "आई रोज सांगतात मला. बाळ येतो, हात हातात घेऊन बसतो. आधी मला पटेना. म्हटलं, हे आणि चाक सोडून उठणार?" ती नवऱ्याकडे पाहून हसली. पुष्कळ दिवसांनी ती त्याच्याकडे अशी पाहत होती.



तिथे चष्मेवाल्याने 'नाही' म्हणायचे होते. एक शब्द. पण न केलेल्या पुण्याचे श्रेय फुकट पदरात पडत असताना ते झटकणारा माणूस विरळा. त्याला वाटले, आईला भास होत असतील. भासाने तिला समाधान मिळते, बायकोलाही मिळते. मग आपण कशाला मोडता घालावा? त्याने मान खाली घातली. ती होकारार्थी हलल्यासारखी दिसली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुद्दाम मागे गेला. खुर्चीवर नेहमी धुतलेल्या चादरींची चवड असे. ती आज कपाटावर होती, आणि खुर्ची पलंगाला खेटून, उशीकडे तोंड करून ठेवलेली होती.

"चादरी कुणी उचलल्या?"

"तूच ना," आई म्हणाली. "बसायला जागा नको?"

तो उभाच राहिला. यंत्र घरघरत होते. आईने उजवा हात पांघरुणाबाहेर काढून त्याच्यापुढे केला.

"तुझा हात किती गार असतो रे. सारखा पाण्यात. दुखत नाही?"

"नाही."

"आणि एक सांगू? तू येतोस ते बरं वाटतं. पण दिवा गेला, की लगेच उठून जातोस. बस की थोडा. दिव्याचं काय एवढं?"

आताही वेळ गेली नव्हती. 'आई, मी येत नाही. मी नुसता आलो म्हणतो,' एवढे बोलला असता तर तिचे मन दुखले असते आणि कदाचित पुष्कळ काही टळले असते. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले. ते उजळलेले होते.

"हो," तो म्हणाला. "बसेन."

तिचा पुढे केलेला हात त्याने धरला नाही. पुढची खोली उघडी टाकून आलो आहे, असे काहीतरी बोलून तो निघाला. बोळकांडीत आल्यावर त्याला जाणवले, की आपण घाईने चालत आहोत.

४

त्या आठवड्यात खटका पुन्हा पुन्हा पडला. एकदा चष्मेवाला दारात गिऱ्हाइकाशी बोलत होता, त्याला कळायला उशीर झाला. तो मागे पोचला तेव्हा आईचे ओठ जांभळे झाले होते. डॉक्टर आले. बाहेर पडताना दारातच म्हणाले, "यंत्र बंद पडता कामा नये. पुढच्या वेळी मला बोलावण्याचा उपयोग होईलच, असं नाही."

बायको रडली. चष्मेवाल्याने वायरमनला निरोप धाडला. तो आला, पण उंबऱ्याच्या आत येईना.

"तो खटका काढून टाक," चष्मेवाला म्हणाला. "डायरेक्ट कर."

"नाही करणार."

"अरे, माझ्या आईच्या जिवाशी गाठ आहे!"

"म्हणूनच नाही." वायरमनने आवाज खाली आणला. "भाऊ, कुत्रं भुंकतं म्हणून झोप मोडते, हे खरं. म्हणून कुणी कुत्र्याला मारून टाकत नाही. उठून बघतात, कुणावर भुंकतंय."

"तू सगळं बघितलंस. काही सापडलं नाही."

"मी वायर बघितली. माझं काम तेवढंच." तो निघाला, आणि दोन पावलांवरून परत फिरून म्हणाला, "दुपारी आजींजवळ तुम्ही स्वतः बसत जा. पैसे नकोत मला."

चष्मेवाल्याला राग आला. आपल्या आईजवळ कधी बसावे, हे आता वायरमनने शिकवावे! आणि चाक थांबले तर डॉक्टरांचे बिल, यंत्राचे भाडे कोण देणार? त्याचे म्हणणे हिशेबाला बरोबर होते. पळवाटांचा हिशेब नेहमीच बरोबर येतो.

त्याचे हात कसबी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला सिलिंडर लावून, घराची सगळी वीज तोडणारा मुख्य खटका खाली करून, तांब्याच्या वायरीचे दोन तुकडे गळतीच्या खटक्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे त्याने पक्के आवळले. वीज आता राखणदाराला वळसा घालून घरात शिरणार होती. झाकण लावून त्याने मुख्य खटका वर केला. दिवा लागला, यंत्र घरघरले. त्याने देवाला हात जोडले.

दुपारी हाक आली.

"बाळा."

"आलो."

तो काच धरून वाट पाहत राहिला. चाक फिरत होते. दिवा जळत होता. काही पडले नाही, काही थांबले नाही.

खूप वेळाने, घरघरीच्या आडून, मागच्या खोलीत कोणीतरी हळू आवाजात बोलत असल्यासारखे त्याला वाटले. मग आई हसली. असे ती त्याच्या लहानपणी हसत असे.

५

घर शांत झाले. बायकोच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "काय केलंत?" तिने विचारले. "एक स्क्रू सैल होता," तो म्हणाला. खोट्याला आता त्याची जीभ सरावली होती.

शांततेतही त्याला चैन पडेना. दुकानाच्या दाराबाहेर विजेचा मीटर होता, जुना, आत चकती फिरणारा. एके दुपारी त्याने चाक बंद केले, दिवे-पंखे मालवले, आणि बाहेर जाऊन पाहिले. घरात आता फक्त आईचे यंत्र चालू होते. चकती सावकाश फिरायला हवी होती. ती भिंगरीसारखी फिरत होती.

वाटेत कुणीतरी घेतली.

मीटर जुना आहे, तो स्वतःला म्हणाला. बदलून घेतला पाहिजे.

तो आत आला. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचे, मोतीबिंदूच्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर लागते तसले, जाड भिंग तयार होते. ते पुसून, डाग राहिला का हे पाहण्यासाठी त्याने हात लांब करून समोर धरले. दुकान आणि बोळकांडी यांच्या मधले दार उघडे होते. त्याने भिंग तिकडे धरले. अशा भिंगातून दूरचे दृश्य लहान आणि उलटे दिसते. त्याचे त्याला नवल नव्हते. सारा जन्म तो ते पाहत आला होता.

भिंगात इवलीशी बोळकांडी होती, छत खाली, जमीन वर. तिच्या टोकाला आईच्या खोलीचे दार. दारात पलंगाचा कोपरा. पलंगाशेजारी खुर्ची, छताला टांगल्यासारखी. खुर्चीत, डोके खाली, एक माणूस बसलेला होता. त्याच्या अंगात राखी ॲप्रन होता.

चष्मेवाल्याने दुसरा हात आपल्या छातीवर नेला. ॲप्रन तिथेच होता, ओला.

त्याने भिंग खाली केले. उघड्या डोळ्यांना बोळकांडी सरळ दिसली, दार दिसले, खुर्ची दिसली. खुर्ची रिकामी होती.

पण आईचा उजवा हात पांघरुणावर नव्हता. खुर्चीच्या दिशेने तो हवेत उचललेला होता, बोटे किंचित वाकलेली, कोणाच्या पंज्यात विसावावी तशी. आजारी माणसाचा हात इतका वेळ अधांतरी राहत नाही. हा राहिला होता. थरथरतही नव्हता.

भिंग पुन्हा डोळ्यांसमोर धरण्याचे धैर्य त्याला झाले नाही. बसलेल्याने मान वर केली असती तर काय, या विचाराने त्याची बोटे अशी आखडली, की भिंग निसटून फरशीवर फुटले.

त्या आवाजाने आईचा हात हलला नाही.

६

मग हाक येणे बंद झाले.

आपण इतके दिवस या हाकेला त्रासत होतो, हे आठवून चष्मेवाल्याला आता लाज वाटे. दुपारभर तो चाक बंद करून कान देऊन बसे. घरघर. मधूनच कुजबुज. पण 'बाळा' नाही. ज्याला बोलवायचे तो तिथेच असेल, तर हाक कोण मारील?

अखेर एका सकाळी, बायको गेल्यावर, तो मागच्या खोलीत गेला. आई खूप लहान दिसत होती. उजव्या हाताचा पंजा पांढराफटक पडला होता. त्याने आपली बोटे जवळ नेली, तर पंज्यावरून थंडावा येत होता. बोटे अर्धवट मिटलेली होती. ती सरळ करायला तो धजला नाही. त्याच्या नजरेसमोर वायरमनचा जाड पंजा येत होता. मूठ मिटते.

"आई."

तिने डोळे उघडले, आणि परक्याकडे पाहावे तसे सौजन्याने पाहिले.

"चष्मा करायचाय का? पुढच्या खोलीत थांबा हं. माझा मुलगा येईलच."

"आई, मीच आहे. बाळ."

ती हसली. "त्याचं असंच. आलो म्हणतो आणि येत नाही, असा होता पूर्वी. आता तसं नाही हो. आता उठतच नाही माझ्यापासून."

प्राणवायू कमी पडला की माणसाला भ्रम होतो, हे डॉक्टरांनी सांगितले होते. चष्मेवाल्याने ते स्वतःला दोनदा सांगून पाहिले. मग तो खाली बसला आणि पलंगाच्या कडेला कपाळ टेकून, किती तरी वर्षांनी, काही न मागता देवाचे नाव घेऊ लागला. तोंडून नाव निघत होते. खरे बोलणे मात्र अजून निघत नव्हते. ते ऐकण्याजोगी आई आता राहिली नव्हती.

उठला तेव्हा त्याचे ठरले होते. वायरीचे ते दोन तुकडे काढायचे. त्यासाठी मुख्य खटका खाली करायचा. वीज गेली की जे बसले आहे ते उठेल, पूर्वी उठत होते तसे. यंत्र थांबेल. पण सिलिंडर भरलेला होता. त्याने तो उशाशी आणून ठेवला, किल्ली फिरवून पाहिली, नळी जोडून तिचे टोक उशीवर ठेवले. ते तिला खेटून बसलेले असताना नाकाची नळी आधीच बदलायला तो धजला नाही. एवढेच करायचे: खटका पाडायचा, बोळकांडीतून धावत यायचे, आईच्या नाकाची नळी बदलायची. पूर्वी तो बोर्डाकडे धावत असे. आता पहिल्यांदाच उलट्या दिशेने धावायचे होते.

७

तो बोर्डासमोर उभा राहिला. बाहेर लख्ख ऊन होते. रस्त्यावरून एक सायकल गेली. मागे यंत्राची घरघर आणि तिच्या आड, एकसुरी, ती कुजबुज. तो आवाज आपला आहे, हे त्याने आता स्वतःपासून लपवले नाही.

देवाचे नाव घेऊन त्याने मुख्य खटका खाली ओढला.

घरघर थांबली. कुजबुज थांबली. घरभर अशी शांतता पसरली, की दुकानातल्या नळाचा थेंब ऐकू आला. मग यंत्र टीं-टीं करू लागले, आणि त्यावरून, क्षीण, घाबरलेली, हाक आली.

"बाळा!"

चष्मेवाल्याचे डोळे भरून आले. सुटली होती. तिने हाक मारली होती, म्हणजे तिच्याजवळ आता कोणी नव्हते. त्याला वळायचे होते, धावायचे होते. पण हाकेला त्याच्या शरीराचे सर्वांत आधी उठणारे इंद्रिय जीभ हे होते. जन्माची सवय. पाय उचलण्यापूर्वी, मान वळवण्यापूर्वी, त्याच्या तोंडून शब्द निघून गेला.

"आलो."

आणि पावले वाजली.

रबरी चपलांचा फट् फट् आवाज. त्याच्या उजव्या खांद्यापासून सुरू झाला आणि बोळकांडीतून मागे जाऊ लागला, ना घाईने, ना रेंगाळत. रोजच्या वाटेने जाणाऱ्या माणसाचा. मागे ओल्या काचेच्या भुकटीचा वास राहिला. चष्मेवाल्याने खाली पाहिले. त्याच्या चपला त्याच्या पायांत होत्या, आणि पाय जिथल्या तिथे होते.

मागच्या खोलीचे दार लोटले गेले. कडी लागली. सिलिंडरची किल्ली किरकिरली. मघाशी त्याने स्वतः फिरवून पाहिली होती, तशीच. बारीक फूत्कार सुरू झाला. आईने एक लांब, सुखाचा श्वास घेतला.

"दिवा गेला, तरी आलास," ती म्हणाली. "आता नको उठूस."

चष्मेवाला धावला. दाराशी पोचला. दोन्ही मुठींनी त्याने दार ठोठावले; धक्का दिला; कडी जुनी, भक्कम, त्याच्याच हाताने बसवलेली होती.

"आई! आई, मी इकडे आहे! मी कधी येत नव्हतो, आई! तो मी नव्हतो! दार उघड! बाळ आहे मी, दार उघड!"

खरे अखेर त्याच्या तोंडून निघाले होते. आत क्षणभर सगळे थांबल्यासारखे झाले.

मग आतून ओ आली. त्याच्याच आवाजात, मान वर न करता, हातातले काम न थांबवता, सुरात कसलाही चढउतार न आणता.

"आलो."

तो दाराला कान लावून उभा राहिला. दुकानात गिऱ्हाईक येऊन हाका मारून गेले. परसातले ऊन भिंतीवर चढले आणि उतरले.

दाराकडे कोणी आले नाही.